कोरड्या थंडीत गिंको रुजेल का? लेहमधील लागवडीविषयी माहिती हवी आहे

अवंती_लष्कर (ग्वाल्हेर)

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी लेहजवळच्या एका गावातील शाळेत विज्ञान शिकवते. शाळेच्या आवाराला दगडी भिंत आहे, उन्हाळ्यात वितळलेल्या बर्फाच्या पाण्याचा पाट आवारातून वाहतो, आणि त्या पाटापासून थोड्या अंतरावर एक गिंको, म्हणजे मूळचा चीनमधला एक अतिप्राचीन जातीचा वृक्ष, लावायचा असे तिने आणि तिच्या विद्यार्थ्यांनी मनावर घेतले आहे. रोप तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे, कारण ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या घराभोवती बाग आहे आणि बियांपासून रोपे वाढवण्याचा मला नाद आहे.

गिंकोला थंडी बाधत नाही, हे मी वाचले आहे. उणे ३० अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी तो सोसतो आणि बीजिंग व सोलच्या रस्त्यांच्या कडेने तो सर्रास लावलेला असतो. माझी चिंता कोरडेपणाची आहे. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे, तेथे पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाणी पडते, वारा सतत वाहतो, आणि जमीन रेताड असून तिच्यात सेंद्रिय अंश फार कमी असतो. अशा ठिकाणी पहिली काही वर्षे रोपाला कसे जपावे, बी लावावे की कलम आणावे, आणि रोप ग्वाल्हेरमध्ये वाढवून वर नेणे योग्य ठरेल का, या तीन गोष्टींबद्दल ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मालवी_माती (इंदूर)

अवंतीताई, उपक्रम सुंदर आहे, पण रोप ग्वाल्हेरमध्ये वाढवण्याला माझा विरोध आहे. तुमच्याकडची डिसेंबर-जानेवारीतील रात्र बोचरी असते हे खरे, तरी दुपारचे तापमान बहुतेक दिवस २० अंशांच्या पुढे जाते आणि फेब्रुवारी सरता सरता थंडी संपते. गिंकोच्या कळ्या नीट फुटण्यासाठी लांब आणि सलग थंडी लागते. ती मिळाली नाही तर काही कळ्या फुटतात, काही तशाच राहतात, आणि झाड वर्षानुवर्षे आहे तेवढेच राहते. त्यानंतर मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे गेला आणि लू वाहू लागली की पानांच्या कडा करपतात. आमच्या माळव्यात तर काळ्या मातीची आणखी एक अडचण आहे, कारण पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि साचलेले पाणी गिंकोच्या मुळांना मुळीच चालत नाही.

माझे मत असे की हिमाचल किंवा उत्तराखंडातील रोपवाटिकेतून दोन-तीन वर्षांचे रोप घ्यावे आणि ते थेट लेहला न्यावे.

देवदार (डेहराडून)

मी मूळचा ग्वाल्हेरचा, जनकगंजात वाढलो, वनखात्यातील नोकरीनंतर आता डेहराडूनला स्थायिक आहे. मालवी_माती यांचे थंडीविषयीचे म्हणणे मला मान्य आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पूर्णपणे मान्य नाही. त्यांनी सांगितलेली अडचण मोठ्या झाडाची आहे. बियांतून उगवलेले पहिल्या वर्षाचे रोप तो उन्हाळा हिरव्या जाळीखाली आणि ओल्या मातीत सहज काढते. डेहराडून काही बर्फाळ गाव नव्हे, तरी येथील वनसंशोधन संस्थेच्या परिसरात गिंको उभा आहे. मात्र दुसरा उन्हाळा रोपाने ग्वाल्हेरमध्ये काढू नये, एवढे मी आग्रहाने सांगेन.

आता बियांविषयी लिहितो, कारण या झाडाच्या बाबतीत बहुतेकांची फसगत तेथेच होते. गिंकोच्या बीजांडांवर परागकण वसंतात येऊन पडतात, पण प्रत्यक्ष फलन होण्यास पुढचे चार-पाच महिने जातात. त्यामुळे शरद ऋतूत बी गळून पडते तेव्हा आतला गर्भ फारच लहान असतो, कधी कधी डोळ्यांना दिसतही नाही. असे बी लगेच थंडीत ठेवले तर गर्भाची वाढ थांबते आणि पुढच्या उन्हाळ्यात बी कुजलेले सापडते. म्हणून बी मिळाल्यावर वरचा गर हातमोजे घालून काढावा, बी स्वच्छ धुवावे, आणि ओलसर वाळूत घालून सुमारे दोन महिने घरातल्या साध्या तापमानात ठेवावे. त्यानंतर तेच बी वाळूसकट दोन महिने फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ४ ते ५ अंशांवर ठेवावे. या साऱ्या काळात वाळू कोरडी पडू देऊ नये, कारण वाळलेले गिंकोचे बी उगवत नाही.

उगवताना आधी मूळ खाली जाते आणि बीजपत्रे बियांच्या आतच राहतात, त्यामुळे वर काही दिसत नाही म्हणून बी उकरून पाहण्याचा मोह आवरावा. मूळ सरळ खोल जाणारे असते, म्हणून पसरट कुंडी न घेता उंच पिशवी घ्यावी. पहिल्या वर्षी रोप वीतभर झाले तरी समाधान मानावे.

कलम की बी, या प्रश्नावर मी निःसंशय बियांच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण लेहच्या हवेशी जोडलेले आहे. गिंकोच्या रोपाला बीजपत्रांच्या बगलेत, म्हणजे जमिनीच्या पातळीजवळ, सुप्त कळ्या असतात. पुढे त्यांचीच खाली वाढणारी गाठ तयार होते. हिवाळ्यात शेंडा मेला तर झाड या कळ्यांतून पुन्हा फुटते. बियांतून आलेल्या झाडाला असे फुटणे म्हणजे स्वतःच्याच खोडाने नवी सुरुवात करणे होय. कलमी रोपात मात्र जोडाच्या खाली फुटवा आला तर तो खालच्या खुंटाचा असतो आणि ज्या गुणांसाठी कलम आणले ते गुण गेलेले असतात. जेथे पहिल्या दोन-तीन हिवाळ्यांत शेंडा मरण्याची खरी शक्यता आहे, तेथे स्वतःच्या मुळांवरचे रोपच हवे.

बकुळ

देवदारकाका, बियांतून मादी झाड निघाले तर शाळेच्या आवारात त्या फळांचा वास येईल ना?

देवदार (डेहराडून)

येईल. नर आणि मादी झाडे वेगळी असतात, आणि बियांतून आलेले झाड कोणते आहे हे साधारण २० ते ३० वर्षांनी, ते फुलोऱ्यावर आल्यावरच कळते. मादी झाडाच्या बियांवरील मांसल आवरणात ब्युटिरिक आम्ल असते आणि पायाखाली चिरडल्यावर त्याला नासलेल्या लोण्यासारखा उग्र दर्प येतो. सोलमध्ये या दर्पाच्या तक्रारींमुळे रस्त्यांवरील मादी झाडे काढून नर झाडे लावण्याची वेळ आली. पण जवळपास नर झाड नसेल तर बीजांडे बहुतेक कोवळी असतानाच गळून जातात, आणि लेहजवळच्या त्या गावात दुसरा गिंको असण्याचा संभव फार थोडा आहे.

वासापेक्षा दुसरी गोष्ट शाळेने लक्षात ठेवावी. त्या गरामुळे अनेकांच्या हाताला पुरळ येऊन आग होते. आतला गर चीन-जपानमध्ये भाजून किंवा शिजवून खातात, पण त्यातील एक विषारी द्रव्य ब-६ जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते, आणि जास्त बिया खाल्ल्यास लहान मुलांना झटके येऊ शकतात. पेरणीसाठी बिया वर्गात नेल्या तर त्या मुलांच्या तोंडात जाणार नाहीत, याची शिक्षकांनी काळजी घ्यावी.

बकुळ

म्हणजे हे झाड नर की मादी, याचा निकाल आजच्या विद्यार्थ्यांच्या मुलांनाच लागणार! हे मला फार आवडले.

बडोदेकर_डेन्व्हर

अवंतीताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण मी ज्या हवेत राहतो ती लेहची धाकटी बहीण शोभेल. माझे बालपण वडोदऱ्याला दांडिया बाजारात गेले, आणि आता घर अमेरिकेतील डेन्व्हरला आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंची, वर्षाला ३५ ते ४० सेंटिमीटर पाऊस-बर्फ, अल्कधर्मी चिकणमाती, प्रखर ऊन आणि हिवाळ्यात अधूनमधून उणे २० अंशांच्या खाली जाणारे तापमान. येथे गिंको जगतो, आणि जुन्या वस्त्यांमध्ये चांगले मोठे गिंको आहेत. फक्त तो फार सावकाश वाढतो, आणि पहिल्या काही वर्षांत तो मेला तर तो थंडीने मेला असा लोकांचा समज होतो. बहुतेक वेळा तो हिवाळ्यातील तहानेने मेलेला असतो.

हे कसे घडते ते नीट समजून घेणे आवश्यक आहे. पाने गळालेली असली तरी कोवळ्या फांद्यांतून, कळ्यांतून आणि सालीतून थोडे थोडे पाणी कोरड्या वाऱ्यात जात राहते. नव्याने लावलेल्या झाडाची मुळे वरच्या थरातच असतात. माती कोरडी असेल तर ती ओल्या मातीपेक्षा लवकर आणि खोलवर गार होते, आणि वर बर्फाचे पांघरूणही नसेल तर ती वरची बारीक मुळे मरून जातात. झाड मात्र आपल्याला लगेच काही सांगत नाही. वसंतात कळ्या खोडातील साठ्यावर फुटतात, पाने उघडतात, आणि जून महिन्यात ऊन वाढल्यावर मुळांना पाणी पुरवता न आल्यामुळे सगळी पाने एकदम सुकतात. मालक तेव्हा उन्हाला दोष देतो, पण नुकसान जानेवारीतच झालेले असते.

म्हणून कोलोरॅडो राज्य विद्यापीठाचे कृषी विस्तार केंद्र ऑक्टोबर ते मार्च या काळातही झाडांना पाणी द्यायला सांगते. हवा ४ अंशांच्या वर असेल, जमिनीवर बर्फ नसेल आणि माती गोठलेली नसेल, अशा दिवशी दुपारी, महिन्यातून एक-दोन वेळा पाणी द्यावे. प्रमाण म्हणून खोडाच्या प्रत्येक अडीच सेंटिमीटर जाडीमागे सुमारे ३८ लिटर पाणी सांगितले जाते. तुमच्या रोपाला याच्या अंशानेही पाणी लागणार नाही, पण तत्त्व तेच राहील.

बिया हव्या असतील तर मी येथून आनंदाने पाठवू शकतो.

देवदार (डेहराडून)

बडोदेकर, तुमच्या सद्भावनेबद्दल आभार, पण टपालाने बिया पाठवू नका. भारतात बियाणे आणि रोपे आणण्यासाठी २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयातीचा परवाना आणि निघण्याच्या देशातील वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. शाळेच्या झाडासाठी हा खटाटोप नको. हिमाचल, उत्तराखंड आणि काश्मीरमध्ये बी धरणारी झाडे आहेत आणि शरदात त्यांच्याखालून बी गोळा करता येते.

चिनार (ग्वाल्हेर)

मी काही वर्षे लडाखमध्ये पाण्याच्या कामावर होतो, म्हणून थोडे परखडपणे लिहीत आहे. बडोदेकर यांनी सांगितलेले हिवाळी पाणी डेन्व्हरला नळ उघडून देता येते. लडाखमध्ये नोव्हेंबरपासून पाट गोठतात. गावाचे पाणी हिमनद्यांतून येते, ते झिंग नावाच्या तळ्यांत साठवतात, तेथून युरा म्हणजे पाटांतून शेतांना देतात, आणि कोणाला कधी पाणी मिळेल हे गावाने नेमलेला छुरपोन ठरवतो. त्या पाण्याच्या थेंबाथेंबावर जव, भाजी आणि जर्दाळू अवलंबून आहेत. तेथील माणसाने शेकडो वर्षांत वाळुंज आणि पॉपलर ही झाडे निवडली, कारण ती फांदी खोचूनही रुजतात, वेगाने वाढतात, घराच्या छपराला लाकूड देतात आणि जनावरांना पाला देतात. यांतले काहीही न देणाऱ्या परक्या झाडासाठी गावाच्या पाण्यात वाटा मागणे मला योग्य वाटत नाही. शाळेला विज्ञानाचे झाड हवे असेल तर जर्दाळूवर कलम करायला मुलांना शिकवा, किंवा सीबकथॉर्न हे तिकडचे काटेरी झुडूप लावा.

अवंती_लष्कर (ग्वाल्हेर)

चिनार, तुमच्या आक्षेपातील पाण्याचा मुद्दा मी गंभीरपणे घेते आणि मुलीलाही कळवला आहे. शाळेत वाळुंज आणि जर्दाळू आधीच आहेत, आणि वर्गाने ते काढून त्यांच्या जागी गिंको लावायचे ठरवलेले नाही. झाड एकच असणार आहे. वाढत्या वयाच्या मुलांना ज्याचे सगळे नातलग नष्ट झाले असा एक सजीव हाताने स्पर्श करून पाहता यावा, एवढाच हेतू आहे, आणि मला तो हेतू लहान वाटत नाही. शाळेच्या आवारात हातपंप आहे आणि मुलीच्या सांगण्यानुसार त्याला हिवाळ्यातही पाणी येते.

सयाजीबाग (वडोदरा)

अवंतीताईंच्या शेवटच्या वाक्यांना माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि त्याला आधार म्हणून थोडे लिहितो. गिंकोसारखी पाने असलेल्या झाडांचे जीवाश्म जुरासिक काळातील, म्हणजे सुमारे १७ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळतात. एके काळी पृथ्वीवर सर्वत्र पसरलेल्या या कुळातील आज फक्त एक जाती उरली आहे. १८९६ मध्ये साकुगोरो हिरासे यांनी टोकियोतील एका गिंकोच्या बीजांडात पोहणाऱ्या शुक्रपेशी पाहिल्या. बियांच्या झाडांमध्ये अशा पोहणाऱ्या शुक्रपेशी आज गिंको आणि सायकस गटातच (खजुरासारख्या दिसणाऱ्या जुन्या झाडांत) आढळतात, म्हणजे नेच्यांच्या जगाशी असलेले जुने नाते या झाडाने अजून सोडलेले नाही. हिरोशिमातील शुक्केइएन उद्यानातला गिंको ६ ऑगस्ट १९४५ च्या बॉम्बस्फोटाच्या केंद्रापासून सुमारे १,३७० मीटरवर होता आणि तो आजही उभा आहे. २०२० मध्ये चिनी संशोधकांनी १५ ते ६६७ वर्षे वयाच्या गिंकोंच्या खोडांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात जुन्या झाडांच्या वाढीच्या थरात म्हातारपणाच्या खुणा आढळल्या नाहीत. विज्ञानाच्या शिक्षिकेला एका झाडाकडून याहून अधिक काय हवे?

बीजिंगच्या उदाहरणाबद्दल मात्र सावध राहावे असे वाटते. तेथील हिवाळा थंड आणि कोरडा आहे, पण वर्षाला साधारण ५५ ते ६० सेंटिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा भाग जुलै-ऑगस्टमध्ये, झाड हिरवे असताना पडतो. गिंकोचे जे थोडे नैसर्गिक समूह चीनमध्ये उरले आहेत असे मानले जाते, ते झेजियांगमधील थ्येनमू पर्वत आणि नैऋत्येकडील दालोउ पर्वत येथे, म्हणजे दमट दऱ्याखोऱ्यांत आहेत. या झाडाचे मूळ घर ओले आहे. थंडी सोसणे त्याच्या स्वभावात आहे, पण कोरडेपणा सोसण्यासाठी त्याला आधी खोल मुळे कमवावी लागतात.

मालवी_माती (इंदूर)

सयाजीबाग, यात आपल्या प्रदेशाचाही एक दुवा आहे. जबलपूर परिसरातील गोंडवन काळाच्या थरांत गिंकोसदृश पानांचे जीवाश्म मिळाले आहेत. ज्या भूमीवर आज आपण हे झाड जगणार नाही म्हणून वाद घालतो आहोत, तेथे त्याचे नातलग एके काळी होते, तेव्हा हवाही वेगळी होती आणि भूखंडही वेगळ्या जागी होता. मुलीने हे वर्गात अवश्य सांगावे.

कांचन_पलासिया (इंदूर)

या झाडाच्या पानांचा चहा स्मरणशक्तीसाठी चांगला असतो म्हणतात. शाळेतील झाडाची पाने वाळवून ठेवता येतील का?

सयाजीबाग (वडोदरा)

कांचनताई, कृपया तसे करू नये. औषधी गोळ्यांत वापरला जाणारा अर्क त्यातील अपायकारक गिंकोलिक आम्ले काढून टाकून बनवतात, आणि घरी वाळवलेल्या पानांत ती तशीच राहतात. शिवाय रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना गिंकोमुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. अमेरिकेत ३,०६९ ज्येष्ठ नागरिकांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, रोज दोन वेळा १२० मिलिग्रॅम अर्क घेऊनही स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी झाले नाही.

चिनार (ग्वाल्हेर)

अवंतीताई, हातपंपाला हिवाळ्यात पाणी असेल तर माझा मुख्य आक्षेप उरत नाही, कारण एका रोपाला लागणाऱ्या दोन-चार बादल्यांनी कुणाची पाळी चुकणार नाही. उलट आता एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे, जी अजून कुणी मांडलेली नाही.

लडाखमध्ये सर्वांत कठीण काळ जानेवारी नसतो, तो एप्रिल आणि मे असतो. जमिनीचा गोठलेला वरचा थर मार्च-एप्रिलमध्ये सुटू लागतो, दुपारचे ऊन कडक होते, वारा वाढतो, आणि तरीही हिमनद्यांचे पाणी पाटात भरपूर यायला जून उजाडतो. शेतकऱ्याला पेरणीसाठी पाणी हवे असते नेमके तेव्हाच ते कमी असते. लावलेली झाडे वाळताना मी पाहिली ती बहुतेक याच दिवसांत. तुमच्या गिंकोच्या कळ्या या काळात फुटल्या आणि मुळांशी ओल नसली तर हिवाळा पार करून आलेले रोपही हातचे जाईल.

बडोदेकर_डेन्व्हर

चिनार यांचा हा मुद्दा फार मोलाचा आहे आणि त्यामुळे माझ्या सल्ल्यात बदल होतो. लेहला मधल्या हिवाळ्यात पाणी देण्याचा आटापिटा करू नये, कारण माती दगडासारखी गोठलेली असताना ओतलेले पाणी वरच बर्फ होऊन बसेल. दोन वेळा निर्णायक आहेत. एक, ऑक्टोबरच्या शेवटी पाने गळाल्यावर आणि जमीन गोठण्याआधी, जेव्हा मुळांच्या पूर्ण खोलीपर्यंत माती भिजली पाहिजे. दुसरी, वसंतात माती सुटल्यापासून पाटाला पाणी येईपर्यंतचा सारा काळ, जेव्हा हातपंपाचे पाणी आठवड्याला एकदा, पण खोलवर जाईल असे द्यावे. आळ्यावर चार-पाच सेंटिमीटर जाड बारीक खडी पसरावी. लडाखमध्ये पालापाचोळा जनावरांना लागतो आणि हलका असल्यामुळे वाऱ्याने उडूनही जातो, खडीमुळे मात्र ओल टिकते. खडी खोडाला चिकटू देऊ नये.

जागा मात्र दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीजवळची घ्यावी, म्हणजे छोट्या उन्हाळ्यात रोपाला जास्त ऊब मिळेल.

देवदार (डेहराडून)

शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. चिनार यांनी जे सांगितले त्यावरून पाहिले तर दक्षिणमुखी भिंत हीच सर्वांत धोक्याची जागा ठरते. तेथे दुपारचे ऊन दगडात साठते, माती लवकर सुटते आणि कळ्या पाण्याच्या आधी जाग्या होतात. त्यानंतर एखाद्या रात्रीच्या दहिवराने कोवळी पाने जळली तर झाडाला सुप्त कळ्यांतून दुसऱ्यांदा पालवी काढावी लागते, आणि तो खर्च रेताड जमिनीतल्या लहान रोपाला झेपत नाही. हिवाळ्यातील दुसरा धोका असा की दिवसा तापलेली साल सूर्य मावळताच झपाट्याने गोठते आणि नैऋत्य बाजूला खोड उभे चिरते. हिमाचलातील सफरचंदाचे बागायतदार यासाठीच खोडाला चुना आणि मोरचुदाचा लेप लावतात.

माझा सल्ला असा की झाड भिंतीच्या पूर्वेला लावावे. सकाळचे ऊन मिळेल, दुपारनंतर सावली येईल, आणि पश्चिमेचा वारा भिंत अडवेल. कळ्या चार-दोन आठवडे उशिरा फुटल्या तरी या ठिकाणी तो उशीरच रोपाला वाचवेल. खोडाला शरदात चुन्याचा लेप द्यावा.

बडोदेकर_डेन्व्हर

पटले. येथे वसंतात नळाचे पाणी हाताशी असते, म्हणून आम्ही ऊब निवडू शकतो. पाणी उशिरा येणाऱ्या गावात झाडही उशिरा जागे व्हावे, हेच योग्य आहे.

वाढीविषयी एक सूचना करतो, म्हणजे मुले निराश होणार नाहीत. गिंकोला दोन प्रकारच्या फांद्या असतात. लांब फांद्यांवर झाडाची उंची वाढते. आखूड, गाठीसारख्या फांद्या वर्षाला एखादा मिलिमीटर वाढतात आणि केवळ पानांचा झुबका धरतात. कोरड्या जागी रोप एखाद्या वर्षी एकही लांब फांदी काढत नाही, फक्त झुबक्यांतून पाने उघडतो आणि शरदात गाळतो. अशा वर्षी ते मुळे वाढवत असते. त्याला वाढवण्यासाठी नत्राचे खत देऊ नये, कारण खताने उशिरा फुटलेली कोवळी फांदी सप्टेंबरच्या गोठणाऱ्या रात्री हमखास मरते.

मालवी_माती (इंदूर)

माझ्या मूळ आक्षेपाचे उत्तर देवदारकाकांनी दिले आहे, तरी माझ्या मनात एक शंका राहते. ग्वाल्हेरच्या जाळीखाली वाढलेले रोप थेट ३,५०० मीटरवरील उन्हात ठेवले तर त्याची पाने भाजणार नाहीत का? त्या उंचीवर अतिनील किरणांचा मारा आपल्या मैदानापेक्षा बराच अधिक असतो.

देवदार (डेहराडून)

भाजतील, म्हणून रोप पाने असताना नेऊच नये. अवंतीताई, क्रम असा ठेवावा. या शरदात डोंगरातून बी मिळवा आणि वर सांगितल्याप्रमाणे ओल्या वाळूत ठेवा. मार्चमध्ये उंच पिशव्यांत पेरा आणि उन्हाळा-पावसाळा जाळीखाली काढा. पावसाळ्यात पिशवीत पाणी साचू देऊ नका, कारण तुमच्याकडे रोप उन्हापेक्षा मूळकुजव्याने मरण्याची भीती अधिक आहे. एकाच रोपावर भिस्त न ठेवता सात-आठ रोपे तयार करा. डिसेंबरमध्ये पाने गळाली की रोपे पिशवीसकट डोंगराळ भागातील एखाद्या परिचिताकडे हिवाळ्यासाठी ठेवा, म्हणजे त्यांना पुरेशी थंडी मिळेल, आणि मे महिन्याच्या मध्यानंतर, कळ्या फुगलेल्या पण न उघडलेल्या अवस्थेत, लेहला न्या. तेथे उघडणारे पहिले पान त्या उन्हातच उघडेल आणि त्या उन्हाला साजेसे जाड होईल. त्या पहिल्या उन्हाळ्यात तरीही दुपारी गोणपाटाचा आडोसा करावा.

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या तिप्पट रुंद घ्यावा, पण गोळ्याहून खोल घेऊ नये. खणून निघालेल्या मातीतच चांगले कुजलेले शेणखत थोडे मिसळावे. खड्ड्यात सगळी बाहेरची सुपीक माती भरली तर मुळे त्या खड्ड्यातच फिरत राहतात आणि रेताड जमिनीत जात नाहीत.

अवंती_लष्कर (ग्वाल्हेर)

सर्वांचे मनापासून आभार. मुलीशी बोलून ठरले आहे की शाळेच्या पश्चिमेकडील भिंतीच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीच्या पूर्वेला, हातपंपाच्या जवळची जागा राखायची. आठवड्याच्या पाण्याची जबाबदारी मोठ्या वर्गाकडे राहील आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ती शाळेशेजारील एका कुटुंबाने स्वीकारली आहे. मोठ्या मुलांची तुकडी बदलली की नोंदवही पुढच्या तुकडीकडे जाईल. उरलेली रोपे इतर शाळांना देण्याचा विचार आहे, पण चिनार यांचा पाण्याविषयीचा मुद्दा लक्षात घेऊन, जेथे हिवाळ्यात पाणी देणारा पंप आहे अशाच शाळांना ती द्यायची.

एक शंका उरते. लेहची माती अल्कधर्मी आहे. त्यासाठी गंधक मिसळावे का?

बडोदेकर_डेन्व्हर

गरज नाही. डेन्व्हरची मातीही अल्कधर्मी आहे आणि ओक किंवा मेपलची पाने येथे लोहाच्या कमतरतेने पिवळी पडतात, तशी गिंकोची सहसा पडत नाहीत. उन्हाळ्यातच शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असे पान दिसले तर तेव्हा विचार करता येईल.

चिनार (ग्वाल्हेर)

लेहमध्ये डीआरडीओची उच्च पर्वतीय प्रदेशातील शेतीवर संशोधन करणारी संस्था आहे. शाळेने तेथील शास्त्रज्ञांना एकदा जागा दाखवून घ्यावी, कारण शीत वाळवंटातील झाडांच्या हिवाळ्याचा त्यांचा अनुभव आपल्या कुणाहीपेक्षा मोठा आहे.

आणि पाण्याचा विचार हातपंपापुरता ठेवू नका. झाड मोठे झाल्यावर त्याची मुळे पाटाकडे जाणारच, तेव्हा गावाला ते आधीपासून माहीत असलेले बरे. मुलीने मार्चपूर्वीच छुरपोनला भेटून शाळेचा बेत सांगावा, जमल्यास मुलांनाही बरोबर न्यावे. पेरणी सुरू झाल्यावर पाण्याच्या पाळ्यांची धामधूम असते आणि त्या दिवसांत नव्या झाडाचा विषय काढणे कुणालाच सोयीचे नसते.